खटका नेमका कुणाला अडवतो?

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यात, म्हणजे 'मिलिटरी अपशिंग्या'त, आमचे एक मामा राहतात. पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. गळीत हंगामात उसाची भरलेली ट्रॉली चढावर थांबली आणि ड्रायव्हरनं उडी मारून आधी चाकामागं दगड लावला, तेव्हा मामा म्हणाले, "रायफलची सेफ्टी अशी पायजे. नुसत्या गिअरवर ट्रॉली सोडतोस का?"

सेफ्टी म्हणजे नकळत गोळी सुटू नये म्हणून रायफलीला असलेला खटका. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीचं, म्हणजे हातानं दांडा (बोल्ट) मागेपुढे करून काडतूस भरायच्या रायफलीचं, पोट उघडून बघितलं की मामांचं म्हणणं पटतं. आत जोरकस स्प्रिंग दाबलेली असते आणि तिच्या जिवावर फायरिंग पिन पुढे झेपावायला टपलेली. तिला अडवून धरतो 'सिअर' नावाचा पोलादी तुकडा. चाप ओढला की सिअर निसटतो आणि पिन काडतुसाच्या बुडावर आदळते. शिकारी रायफलीचा चाप हलका हवा म्हणून ही पकड मुद्दाम अगदी थोडी ठेवतात.

आता सेफ्टी कशाला अडवते? बऱ्याच कारखानी रायफलींत ती ट्रिगरच्या डबीतच असते. चाप किंवा सिअर धरते. हा झाला गिअर. १८९८ च्या माउझर या जर्मन रायफलीत मात्र बोल्टच्या शेपटाशी पंखासारखा खटका आहे आणि तो थेट पिनलाच धरतो. हा दगड.

या खटक्याचे टप्पे तीन. एका टोकाला पिनही बंद, बोल्टही बंद. झुडपातून जाताना फांदीत अडकून बोल्ट उघडत नाही. दुसऱ्या टोकाला रायफल मोकळी. मधला टप्पा माझ्या मते सगळ्यात शहाणा: पिन बंदच, पण बोल्ट उघडतो, म्हणजे सेफ्टी न काढता काडतूस बाहेर काढता येतं. रेमिंग्टन ७०० या अमेरिकन रायफलीत १९८२ पर्यंत सेफ्टी बोल्टही अडवायची; रायफल रिकामी करायची तर आधी ती काढावी लागे. भरलेली रायफल रिकामी करण्यासाठीच गोळीबाराला तयार करायची, हा उफराटा कारभार.

मग माउझरचाच पंख का नको? दुर्बिणीमुळे. तो बोल्टच्या वरून अर्धवर्तुळात फिरतो आणि रायफलीला लगटून बसवलेल्या दुर्बिणीला आडवा येतो. म्हणून परदेशातले हातबनावटीचे कारागीर बहुधा विंचेस्टर मॉडेल ७० (१९३६) या अमेरिकन रायफलीच्या धर्तीचा, आडवा फिरणारा तीन टप्प्यांचा खटका बसवतात. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंदच आहे. हा सगळा खटाटोप तिकडचा.

पण चांगला खटका विकत आणून भागत नाही, तो बसवावा लागतो. सेफ्टी लावताना खटक्याचा उतार पिनला केसभर मागे ओढतो, त्यामुळे सिअरवरचा भार सुटतो. उतार कमी घासला, तर पिन मागे येतच नाही. अशा रायफलीत सेफ्टी असताना कुणी चाप दाबला तर गोळी सुटत नाही, पण सिअर खाली जाऊन तिथंच अडकतो. पिन आता फक्त खटक्यावर. पुढे कधीतरी खटका काढला की, चापाला बोटही न लागता, बार!

म्हणून कारागीर रिकाम्या रायफलीवर सेफ्टी लावून चाप दाबतो, सोडतो आणि मग खटका काढून कान देतो. आतून 'टक्' आलं की रायफल पुन्हा कानशीखाली.