११८९ आणि भिंतीवरचा रंग

नॉटिंगहॅमच्या किल्ल्याखाली, खडकाला पाठ लावून ‘यी ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम’ हा पब उभा आहे. पांढऱ्या भिंतीवर ठळक रंगवलंय: इ.स. ११८९. त्यामुळे ‘इंग्लंडातला सर्वांत जुना पब’, ‘इंग्लंडचा राजा सिंहहृदयी रिचर्ड याचे सैनिक जेरुसलेमच्या धर्मयुद्धाला निघताना इथेच पिऊन गेले’ वगैरे गोष्टी वर्षानुवर्षं फिरताहेत.

यात खरं एवढंच, की ११८९ मध्ये रिचर्ड गादीवर आला. तेव्हा इथे पब होता याचा एकही कागद नाही. आजची इमारत साधारण १६५० नंतरची. नावही उशिराचं; अठराव्या शतकात हा पब ‘पिलग्रिम’ म्हणून ओळखला जाई. भिंतीवर साल रंगवायला पुरावा लागत नाही, रंगाचा डबा पुरतो! त्याच शहरातला ‘बेल इन’ही जुनेपणावर हक्क सांगतो, आणि त्याची लाकडं पंधराव्या शतकातली आहेत, म्हणजे ‘ट्रिप’च्या इमारतीहून जुनी.

जुन्या आहेत त्या मागच्या गुहा. वालुकाश्म मऊ, सहज कोरता येणारा. आतला गारवा बारमाही. बिअर साठवायला याहून चांगली जागा कुठली? वरच्या मजल्यावरची एक बैठकीची खोलीही खडकातच कोरलेली. तिथे धुळीने माखलेलं जहाजाचं एक मॉडेल आहे. ते पुसणारा मरतो, अशी वदंता! आता ते काचेच्या पेटीत ठेवलंय. मला तर ही झाडलोट टाळायची फर्मास युक्ती वाटते.