एकपुष्पी मध : जंतुरोधक गुण आणि प्रतिजैविकांचे अवशेष

एकपुष्पी मध म्हणजे मुख्यतः एकाच वनस्पतीच्या फुलांतील मकरंदापासून तयार झालेला मध. फुलोरा कितीही भरगच्च असला तरी माश्या आसपासच्या इतर फुलांवरही जातातच, त्यामुळे मधाचे एकपुष्पीपण प्रमाणावर ठरते. सूक्ष्मदर्शकाखाली परागकण मोजले आणि त्यांतले ४५ टक्क्यांहून अधिक एका वनस्पतीचे निघाले, तर सामान्यतः तिचे नाव मधाला देतात. हा निकष मात्र सरसकट लावता येत नाही. चेस्टनटचा पराग मधात इतका उतरतो की तिथे ९० टक्क्यांच्या आसपास प्रमाण अपेक्षित असते. लिंबूवर्गीय मधाला १०–२० टक्केही पुरतात.

मधातील जंतुरोधाचा पहिला थर साधा आहे. पक्व मधात पाणी १७–१८ टक्के असते आणि सामू सुमारे ३.२ ते ४.५. इतक्या दाट, आम्ल द्रावणात बहुतेक जिवाणू वाढू शकत नाहीत. पण जखमेतल्या स्रावाने मध पातळ झाला की साखरेचा हा प्रभाव ओसरतो. तेव्हा दुसरी यंत्रणा जागी होते. माशीच्या डोक्यातील ग्रंथींतून मधात ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर येते. दाट मधात ते जवळजवळ निष्क्रिय असते. पाणी मिळताच ते ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागते. मधातल्या जंतुरोधक घटकाला पूर्वी ‘इनहिबिन’ म्हणत. तो हायड्रोजन पेरॉक्साइडच आहे, हे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जे. डब्ल्यू. व्हाइट आणि सहकाऱ्यांनी दाखवले. पराग आणि मकरंदातून येणारे कॅटलेज हे विकर पेरॉक्साइड मोडून टाकते. कोणत्या फुलाच्या मधात किती कॅटलेज आहे यावर त्याची ताकद बरीच अवलंबून असते. तापवल्याने आणि उन्हात ठेवल्यानेही ग्लुकोज ऑक्सिडेज खराब होते, म्हणून जास्त तापवून गाळलेला मध या बाबतीत दुबळा पडतो.

मानुका मधाची गोष्ट वेगळी आहे. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात वाढणाऱ्या लेप्टोस्पर्मम स्कोपेरियम या झुडपाच्या मकरंदात डायहायड्रॉक्सिॲसिटोन असते. मध पिकताना आणि साठवणुकीत त्याचे हळूहळू मिथाइलग्लायऑक्झाल हे जंतुरोधक रसायन होते आणि ते कॅटलेजला दाद देत नाही. २००८ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथील टोमास हेन्ले यांच्या गटाने आणि न्यूझीलंडमधील संशोधकांनी हा घटक ओळखला. हे रूपांतर हळूहळू होत असल्याने ताज्या मानुका मधापेक्षा काही काळ मुरलेला मध अधिक प्रभावी असू शकतो. याखेरीज काही मधांत माशीचे स्वतःचे प्रथिन, बी डिफेन्सिन-१, जंतूंना मारते.

प्रयोगशाळेत ही ताकद आगर थाळीवर, म्हणजे जिवाणू वाढवण्यासाठी जेलीसारखे माध्यम ओतलेल्या बशीत, मोजतात. १० ग्रॅम मध पाण्यात विरघळवून द्रावण ५० टक्क्यांचे करतात, ३७ अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवतात आणि त्याचे दोन भाग करतात : एकात तेवढेच पाणी, दुसऱ्यात तेवढेच कॅटलेजचे द्रावण. अंतिम तीव्रता २५ टक्के येते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जखमेत संसर्ग करणारा जिवाणू पसरलेल्या थाळीतील खाचांत हे भरून रात्रभर उबवतात आणि खाचेभोवतीच्या निर्जंतुक कड्याची फिनॉल या जंतुनाशकाच्या ज्ञात तीव्रतेच्या द्रावणांशी तुलना करतात. कॅटलेज घातल्यावर कडे नाहीसे झाले तर काम पेरॉक्साइडचे. टिकले तर दुसऱ्या कशाचे.

ते ‘दुसरे काही’ औषधही असू शकते, आणि सर्वांत मोठी गफलत इथेच होते. कडे फुलातल्या रसायनाने पडले की प्रतिजैविकाने, हे थाळी सांगत नाही. उलट दिशेनेही तेच : दुधातील औषध शोधणाऱ्या जिवाणू-आधारित चाचण्या मधावर भरवशाच्या नाहीत, कारण स्वच्छ मधही जिवाणू रोखतो आणि खोटा दोषी ठरतो. जंतुरोधक म्हणून मध विकायचा असेल तर अवशेष-तपासणी आधी झाली पाहिजे.

अवशेष मुख्यतः अमेरिकन आणि युरोपियन फाउलब्रूड या अळ्यांच्या रोगांवरील उपचारांतून येतात : ऑक्सिटेट्रासायक्लिन, टायलोसिन, सल्फाथायाझोल, स्ट्रेप्टोमायसिन. अमेरिकन फाउलब्रूडचे बीजाणू दशकानुदशके टिकतात आणि औषध त्यांना मारत नाही. ते रोगाची लक्षणे दाबते, म्हणून औषध वारंवार द्यावे लागते आणि अवशेष साचत जातात. औषध मिसळलेली साखर माश्या फ्रेममध्ये (पेटीतल्या पोळ्याच्या चौकटीत) साठवतात आणि अशक्त वसाहत लुटली गेली की ते शेजारच्या पेटीत पोचते. फळबागेत झाडांच्या जिवाणूजन्य रोगावर फवारलेले स्ट्रेप्टोमायसिनही मकरंदाबरोबर येऊ शकते. तिथे मधपाळाचा दोष नसतो.

एकपुष्पी मधासाठी मध-कोठीत (पेटीच्या मध साठवण्याच्या वरच्या कप्प्यात) फुलोरा सुरू होतानाच रिकाम्या फ्रेम चढवणे आणि तो संपताच काढणे, ही शिस्त दोन्ही प्रश्नांना उपयोगी पडते. जुना साठा तिथे राहिला तर परागाचे प्रमाणही बिघडते आणि औषधही मिसळते. आजारी वसाहत मात्र मध-उत्पादनातून बाहेर काढावी. अमेरिकन फाउलब्रूड झालेल्या फ्रेम जाळणे महाग पडते, तरी तो खात्रीचा मार्ग.

क्लोरॅम्फेनिकॉल या, अन्न देणाऱ्या प्राण्यांसाठी बंदी असलेल्या प्रतिजैविकाचे अवशेष सापडल्यानंतर २००२ मध्ये युरोपीय संघाने चीनमधून येणाऱ्या मधासह अनेक प्राणिज पदार्थांची आयात थांबवली होती. पुढच्या वर्षी क्लोरॅम्फेनिकॉलच्या तपासणी-पद्धतींना किमान ०.३ मायक्रोग्रॅम प्रति किलो इतके प्रमाण ओळखता आले पाहिजे, असे ठरले. एवढे सूक्ष्म प्रमाण सहसा द्रव वर्णलेखन आणि दुहेरी वस्तुमान वर्णपटमापनाने (LC-MS/MS), म्हणजे घटक वेगळे करून रेणूंच्या वस्तुमानावरून ओळखण्याच्या पद्धतीने, पकडतात. तिथेही मधातली साखर आडवी येते : सल्फा औषधे ग्लुकोजशी जोडली जातात, त्यामुळे नमुना आधी आम्लात मुरवून तो बंध सोडवावा लागतो. तसे न करता काढलेल्या अहवालात औषध असते त्यापेक्षा बरेच कमी दिसते.