करवंटीच्या कोळशातले दहा गुंठे

करवंटी हवेशिवाय भाजली की कोळसा होतो, पण तो लगेच पाण्याच्या फिल्टरमध्ये चालत नाही. त्यातली बरीचशी छिद्रं डांबरट अंशाने बुजलेली असतात. म्हणून त्याला ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफ देतात. वाफ कार्बनला खाते, त्याचा वायू होऊन निघून जातो आणि मागे पोकळी उरते. चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅममध्ये १००० चौरस मीटर पृष्ठभाग सापडतो, म्हणजे चिमूटभर काळ्या भुकटीत जवळजवळ दहा गुंठे! वाफ जास्त वेळ दिली, तर मात्र छिद्रांमधल्या भिंतीच जळतात आणि बारीक छिद्रांची मोठी भोकं होतात. सूक्ष्मछिद्र म्हणायचं तर रुंदी २ नॅनोमीटरच्या आत हवी.

कोळसा द्रावणाचा रंग काढतो, हे रसायनशास्त्रज्ञ लोविट्झ यांनी रशियात १७८५ मध्ये पाहिलं होतं. साखर कारखान्यांनी पुढे हाडांचा कोळसा वापरला. पण छिद्रं ठरवून घडवण्याची वाट संशोधक ऑस्ट्रेज्को यांच्या १९०० च्या सुमाराच्या पेटंटांनी दाखवली: एक धातूंच्या क्लोराइडांची, दुसरी वाफेची किंवा कार्बन डायऑक्साइडची. पहिल्या महायुद्धात विषारी वायू आला आणि मुखवट्यांतल्या कोळशासाठी अमेरिकेत करवंट्या, पीचच्या बिया गोळा होऊ लागल्या. कठीण कवचाचा कोळसा घट्ट आणि बारीक छिद्रांचा होतो, म्हणून.

आत नेमकं काय घडतं, हे उलगडण्यात ब्रिटिश शास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिन यांचा वाटा मोठा आहे. डीएनएच्या गोष्टीत त्यांचं नाव येतं, कोळशाच्या गोष्टीत फारसं येत नाही, आणि याची मला खंत वाटते. १९४२ मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्या ब्रिटनच्या दगडी कोळसा संशोधन संस्थेत रुजू झाल्या. एकाच दगडी कोळशाची घनता त्यांनी हेलियमने मोजली, मग मोठ्या रेणूंच्या द्रवांनी. आकडे जुळेनात. हेलियम शिरतो तिथे मोठा रेणू दारातच अडतो: पोकळी आत आहे, पण तोंड अरुंद. तापमान वाढवत नेलं की ही तोंडं आणखी आवळतात, पोकळी मात्र आत राहते. १९५१ मध्ये त्यांनी दाखवलं की काही कार्बन तापवल्यावर ग्रॅफाइट (पेन्सिलीतला थराथरांचा कार्बन) होतात, तर काही ३००० अंशांनाही होत नाहीत. करवंटीचा कोळसा या दुसऱ्या गटातला.

फिल्टरला ही बंद तोंडं निरुपयोगी. सोडियम-आयन बॅटरीच्या ऋणाग्रासाठी (ऋण टोकासाठी) मात्र आज असाच कार्बन मुद्दाम १००० ते १५०० अंशांना भाजतात, कारण त्या बंद पोकळ्यांत सोडियम साठतो.