तेच अपडेट पुन्हा पुन्हा का येतं?

अपडेट झालं, मशीन रीस्टार्ट केलं, आणि तेच पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) पुन्हा यादीत! सोलापुरात शाळेच्या लॅबमध्ये किंवा टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात उबुंटू ही लिनक्स सिस्टिम वापरणारे वैतागून सगळी सिस्टिमच नव्याने टाकतात. त्याची गरज क्वचितच असते.

उबुंटूत अपडेट शोधून आणणारं एपीटी दोन गोष्टी ताडून पाहतं: सर्व्हरवरून आलेली यादी आणि मशीनवरची डीपीकेजीची, म्हणजे पॅकेज प्रत्यक्ष बसवणाऱ्या प्रोग्रामची, नोंद. त्या जुळत नाहीत तोवर अपडेट येतच राहणार.

आधी टर्मिनलमध्ये ‘सुडो डीपीकेजी --ऑडिट’ चालवा; अर्धवट बसलेली पॅकेजं ते दाखवतं. (इथल्या सगळ्या कमांड इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा.) ऐन मे महिन्यात अपडेट चालू असताना वीज गेली, तर फाइली उतरलेल्या असतात पण पॅकेज कॉन्फिगर व्हायचं राहून जातं. ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ते अर्धवट काम पुरं करतं. इथेही अडलं तर शेवटची ओळ वाचून उपयोग नाही. तिथे फक्त ‘एरर कोड १’ असतो. वर जाऊन पहिली एरर शोधा. जागा उरली नाही, असं तिथे दिसलं तर ‘डीएफ -एच /बूट’ करून पाहा. बहुतेकदा जुन्या कर्नलांनी (सिस्टिमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांनी) डिस्कचा तो भाग भरलेला असतो. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ने ते जुने कर्नल काढा. फाइली हाताने उडवू नका. डीपीकेजीच्या लेखी त्या तिथेच राहतात आणि गुंता वाढतो.

ऑडिट कोरं आलं, तरी अपडेट पुन्हा येतंच? मग ‘एपीटी पॉलिसी’पुढे पॅकेजचं नाव द्या. बसवलेली आणि नवी आवृत्ती एकच दिसली, तर खरी गोम सापडली. बाहेरच्या रिपॉझिटरीच्या (पॅकेजांच्या साठ्याच्या) यादीत ‘डिपेंड्स’ची, म्हणजे सोबत कोणती पॅकेजं लागतात ती, ओळ एक आणि पॅकेजच्या पोटात दुसरीच, असं असलं की आवृत्ती एकच असूनही एपीटी त्यांना वेगवेगळी पॅकेजं समजतं. कितीदाही बसवा, जुळणार नाही. ‘डीपीकेजी -एस’ आणि ‘एपीटी शो’ यांतल्या त्या ओळी शेजारी ठेवून पाहा. चूक तुमच्या मशीनची नाही. यादी रिपॉझिटरी चालवणाऱ्यानेच नव्याने बनवायला हवी. पॅकेज तुम्ही स्वतः बांधलं असेल, तर आवृत्तीला ‘+लोकल१’ असं शेपूट जोडा.

यादीत दिसतं पण बसतच नाही, ही तक्रार निराळी. उबुंटू काही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं. तुमच्या मशीनची पाळी यायची असते. थांबा, जबरदस्ती नको.

‘एपीटी-मार्क होल्ड’ने पॅकेज तात्पुरतं रोखता येतं, पण त्याचे सुरक्षा अपडेटही थांबतात. यादी दुरुस्त झाली की ‘अनहोल्ड’ कराच.