फी माफ झाली, पण बुडालेला रोज कोण भरून देणार? वंचितांच्या शिक्षणावरच्या सरकारी खर्चाची पार्श्वभूमी

गरीब मोठ्या माणसांच्या, शाळा सुटलेल्या पोरांच्या शिक्षणावर सरकारने पैसा घालावा का, हा प्रश्न निघाला की लोक असं बोलतात जणू हे खूळ आत्ता कुणाच्या तरी डोक्यात आलंय. पण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा दोनशे वर्षांपूर्वी बोलून झालेला आहे. १८०७ साली ब्रिटिश संसदेत सॅम्युएल व्हिटब्रेड यांनी गरीब मुलांसाठी गावोगावी शाळा काढायचं बिल आणलं, तेव्हा डेव्हिस गिडी नावाच्या खासदारांनी जोरदार विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की शिकले तर हे लोक चांगले नोकर, चांगले शेतमजूर व्हायचे नाहीत, आपल्या वाट्याला आलेल्या आयुष्याचा तिरस्कार करतील, सरकारविरोधी पत्रकं वाचतील, वरच्यांशी उद्धट वागतील आणि वर या सगळ्याचा अफाट खर्च कष्ट करणाऱ्या करदात्यांच्या बोकांडी बसेल. बिल खालच्या सभागृहात पास झालं आणि हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये पडलं. शिकून बिघडतील हा मुद्दा आज कुणी उघड बोलत नाही, पण त्याच भाषणातला दुसरा मुद्दा, की दुसऱ्यांच्या टॅक्सवर का, तो मात्र अजून जसाच्या तसा चालू आहे.

इंग्लंडमध्ये सरकारी पैसा पहिल्यांदा आला तो १८३३ साली, २० हजार पौंड, तेही शाळांच्या इमारतींसाठी. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात मला जास्त महत्त्वाची वाटते अशी एक गोष्ट होती, कापड गिरण्यांमधल्या ९ ते १३ वयाच्या मुलांना रोज दोन तास शाळा मिळालीच पाहिजे. अंमलबजावणी बऱ्याच ठिकाणी नावापुरतीच होती, पण इमारत बांधून भागत नाही, शिकणाऱ्याला वेळ मिळाला पाहिजे आणि तो वेळ कामातूनच काढावा लागतो, हे निदान कायद्यात आलं. हा मुद्दा लक्षात ठेवा कारण पुढचा सगळा इतिहास मला तरी याच्याभोवतीच फिरताना दिसतो.

मोठ्या माणसांकडे मात्र तेव्हा सरकारचं लक्षच नव्हतं. नॉटिंगहॅममध्ये १७९८ ला प्रौढांसाठी शाळा निघाली, १८२० च्या दशकात कामगारांसाठी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट निघाल्या, पण हे सगळं धर्मादाय किंवा वर्गणीवर. मुलांना शिकवणं हे कर्तव्य आणि मोठ्यांना शिकवणं ही दया, ही विभागणी तेव्हा पडली ती आजपर्यंत पुरती गेलेली नाही.

आपल्याकडे हा प्रश्न सगळ्यात नेमका मांडला महात्मा फुल्यांनी. १८५५ मध्येच सावित्रीबाई आणि जोतिराव यांनी कष्टकरी शेतकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती, म्हणजे दिवसभर राबणाऱ्या माणसाला दिवसा शाळा देऊन उपयोग नाही हे त्यांना कुठल्या रिपोर्टवरून कळलेलं नव्हतं, ते समोर दिसत होतं. पुढे १८८२ मध्ये शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या सरकारी हंटर कमिशनसमोर दिलेल्या निवेदनात त्यांनी थेट हिशोबच मांडला. सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या घामातून येतो, वरचे श्रीमंत वर्ग तिजोरीत फारशी भर घालत नाहीत, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र त्यांच्याच मुलांवर होतो. वरच्यांना शिकवा मग ते ज्ञान खाली झिरपेल, ही तेव्हाची सरकारी समजूत होती आणि त्यावर हा घाव होता. निदान १२ वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी त्यांची मागणी होती. माझ्या दृष्टीने या निवेदनाने अख्खा वादच उलटा केला, कारण तोवर प्रश्न असायचा की गरिबांच्या शिक्षणाचा भार इतरांनी का उचलायचा, आणि फुले विचारत होते की गरिबांनी इतरांच्या शिक्षणाचा भार इतकी वर्षं का उचलला. पुढे गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल आणलं, १९१२ मध्ये ते फेटाळलं गेलं. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१७ पासून सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून ते वसतिगृहांना मदत करत होते. शाळा फुकट असली तरी गावाबाहेर येऊन शिकणाऱ्या पोराला राहायला खायला कोण देणार, याचं उत्तर वसतिगृह हे होतं.

अमेरिकेतली गोष्ट आणखी कडवट आहे. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामांना लिहावाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. १८६५ ला गुलामगिरी संपली तेव्हा फ्रीडमन्स ब्युरो या सरकारी खात्याच्या मदतीने ज्या शाळा उभ्या राहिल्या त्यात मुलं होती तशी त्यांचे आईबाप आणि आजीआजोबाही होते, कारण तीन पिढ्यांचं एकदमच राहून गेलेलं. आणि १८७० मध्ये, पाचच वर्षांत, शिक्षणाचं काम थांबवलं, १८७२ ला खातंच बंद. कायदा करून ज्यांना अडाणी ठेवलं त्यांच्यासाठी पाच वर्षं. इथे सरकारने पैसा द्यावा का हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो, ते देणं होतं.

अमेरिकेतल्याच केंटकी राज्याच्या रोवन काउंटीत १९११ मध्ये कोरा विल्सन स्ट्युअर्ट यांनी प्रौढांसाठी मूनलाइट स्कूल्स काढली. चांदण्या रात्री वर्ग ठेवले कारण डोंगराळ रस्ता, अंधारात लोक चालणार कसे. शिक्षकांना पगार नव्हता. दीडशेक लोक येतील असा अंदाज होता, आले सुमारे १२००, आणि त्यात ऐंशी ओलांडलेलेही होते. मोठ्या माणसांना शिकायची इच्छाच नसते असं जे सर्रास म्हटलं जातं त्याला माझं उत्तर ही रात्र आहे.

मग १९१९. डिसेंबर महिन्यात सोव्हिएत सरकारने निरक्षरता निर्मूलनाचं फर्मान काढलं, ८ ते ५० वयाच्या प्रत्येक निरक्षराने शिकायचं, सक्तीने. त्या राजवटीला वाचणारी जनता आपल्या प्रचारासाठी हवी होती हे उघड आहे, आणि सक्ती म्हणजे खरोखरची सक्ती होती. पण त्या फर्मानात एक कलम होतं जे मी इतर ठिकाणी फार क्वचित पाहिलंय: नोकरीवर असलेल्या शिकणाऱ्याचा कामाचा दिवस दोन तासांनी कमी, पगार पूर्ण. दोन तासांचा खर्च शिकणाऱ्यावर पडत नाही हे कायद्यातच लिहिलं.

लोकशाही देशात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर झाली ती २५ वर्षांनी. २२ जून १९४४ ला अमेरिकेत जीआय बिल, म्हणजे युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठीचा कायदा, सही झालं. युद्धावरून परत येणारे १ कोटी ६० लाखांच्या आसपास सैनिक, त्यातले पुष्कळ गरीब घरचे, बऱ्याच जणांचं हायस्कूलसुद्धा अर्धवट, आणि सरकारला धास्ती ही की इतके लोक एकदम बेकार झाले तर १९३० च्या मंदीसारखं परत होईल. म्हणजे हेतू निव्वळ शिक्षणप्रेम नव्हता. पण योजना नीट बघा. वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी सरकार भरणार, आणि त्याशिवाय राहण्याखाण्याला महिन्याला ५० डॉलर, बायकोमुलं असतील तर ७५. हा दुसरा आकडा लोक विसरतात, माझ्या मते योजना त्याच्यावर चालली. विरोध कुणी केला तर मोठमोठ्या विद्यापीठांच्या प्रमुखांनी. शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हचिन्स यांनी तर इशारा दिला की कॉलेजं म्हणजे शिक्षणाच्या नावाखाली भटकणाऱ्यांचे अड्डे होतील. झालं उलटंच, हे वयाने मोठे, संसारी विद्यार्थी अभ्यासात चांगलेच निघाले. १९५६ पर्यंत साधारण ७८ लाख लोकांनी याचा फायदा घेतला आणि त्यातले कॉलेजात गेले फक्त २२ लाखांच्या आसपास, बाकीचे कोण तर शाळा पूर्ण करणारे, धंदेशिक्षण घेणारे, कामावर राहून किंवा शेतावरच ट्रेनिंग घेणारे. जीआय बिल म्हटलं की आपल्याला कॉलेजच आठवतं पण निम्म्याहून खूप जास्त लोक या दुसऱ्या गटातले होते.

यातलाच अन्यायही सांगायला हवा. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता, पण राबवणारे स्थानिक अधिकारी गोरे, दक्षिणेत गोऱ्यांची आणि कृष्णवर्णीयांची कॉलेजं वेगवेगळी, कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत जागा कमी, त्यामुळे सगळ्यात वंचित सैनिकांनाच सगळ्यात कमी मिळालं. पैसा मंजूर होणं आणि तो पोचणं यात किती अंतर असतं ते इथे दिसतं.

१९६० चं दशक मोहिमांचं. १९६१ ला क्युबाने शाळा बंद ठेवून एक लाखावर तरुण पोरापोरींना खेड्यात शिकवायला पाठवलं आणि सरकारी आकड्याप्रमाणे सात लाख लोक साक्षर झाले. १९६३ ला ब्राझीलच्या अँजिकोसमध्ये शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी ३०० मजुरांना ४० तासांत वाचायला शिकवण्याचा प्रयोग केला, तो देशभर न्यायचं ठरलं, आणि १९६४ च्या लष्करी बंडानंतर फ्रेरे तुरुंगात. भारतात २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, लक्ष्य १५ ते ३५ वयाचे १० कोटी लोक, पाच वर्षांत, पण १९८० मध्ये सरकार बदललं आणि जोर गेला. लहान मुलांची शाळा सरकार बदललं म्हणून बंद पडत नाही, प्रौढांचे वर्ग पडतात, कारण ते कायम कार्यक्रम म्हणून येतात, व्यवस्था म्हणून नाही.

त्यानंतर अर्थशास्त्रज्ञांचा हिशोब आला. शिक्षणावरच्या एका रुपयाचा परतावा किती, हे वर्ल्ड बँकेने मोजायला सुरुवात केली आणि उत्तर यायचं की प्राथमिक शिक्षणावर सगळ्यात जास्त, मग नंतर जेम्स हेकमन यांच्यासारख्यांनी दाखवलं की जितकं लहान वय तितका फायदा मोठा. हे संशोधन खोटं नाहीये, गंभीर आहे. पण त्याचा वापर असा झाला की मोठ्यांवरचा खर्च म्हणजे वाया. २००० साली सेनेगलमधल्या डाकारच्या शिक्षण परिषदेत जगातल्या सरकारांनी कबूल केलं होतं की २०१५ पर्यंत प्रौढ साक्षरतेत ५० टक्के सुधारणा करू, पण त्याच वर्षीच्या संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक विकास उद्दिष्टांमध्ये प्राथमिक शाळा आली आणि प्रौढ साक्षरता आलीच नाही, मदतीचा पैसा साहजिकच त्या यादीमागे गेला. डाकारचं उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. आजही जगात ७० कोटींच्या वर प्रौढ निरक्षर आहेत, त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश बायका.

केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शाळेची फी रद्द केली आणि २००४ मध्ये ८४ वर्षांचे किमानी मारुगे पहिलीत येऊन बसले, युनिफॉर्म घालून. त्यांना स्वतः बायबल वाचायचं होतं. लोक ही बातमी कौतुकाने सांगतात, मलाही माणसाचं कौतुक वाटतंच, पण त्या माणसाला पहिलीच्या पोरांच्या बाकावर का बसावं लागलं हेही विचारलं पाहिजे.

कैद्यांच्या बाबतीत हिशोब सरळ होता तरी निर्णय उलटा झाला. अमेरिकेत गरीब विद्यार्थ्यांची पेल ग्रँट कैद्यांनाही मिळायची, १९९४ मध्ये ती बंद केली, कारण प्रामाणिक लोकांची मुलं कर्ज काढतात आणि यांना फुकट का. हा राग मला समजतो. पण २०१३ च्या रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसलं की तुरुंगात शिकलेल्यांची परत गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी. ग्रँट पूर्ण परत सुरू व्हायला जुलै २०२३ उजाडलं, म्हणजे २९ वर्षं.

आणि परत तोच बुडणारा रोज, म्हणजे शिकायच्या वेळात बुडणारी मजुरी. मेक्सिकोने १९९७ मध्ये प्रोग्रेसा योजना आणली, पोरं शाळेत येत राहिली तर आईच्या हातात पैसे, वरच्या इयत्तेला जास्त आणि माध्यमिक शाळेत मुलींना मुलांपेक्षा जास्त, कारण त्याच वयात मुलींची शाळा सुटते. इंग्लंडने १९९९ मध्ये काही भागांत आणि २००४ पासून सगळीकडे गरीब घरच्या १६ वर्षांवरच्या मुलांना आठवड्याला १० ते ३० पौंड देणं सुरू केलं, अट एवढीच की वर्गात हजर राहायचं. शिक्षणात टिकणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. २०११ मध्ये इंग्लंडने हे बंद केलं, सरकारचं म्हणणं, बहुतेक मुलं पैसे नसते तरी शिकलीच असती. बहुतेक शिकली असती हे खरं धरलं तरी जी उरली त्यांच्यासाठीच तर योजना होती ना, आणि जी टिकली असती ती कामाच्या शिफ्ट मारून, बसभाडं वाचवून, अर्धपोटी टिकली असती, ते कुठल्या हिशोबात येतं. त्यानंतर त्याच इंग्लंडने शिक्षणात किंवा ट्रेनिंगमध्ये राहण्याची सक्ती २०१३ पासून १७ आणि २०१५ पासून १८ वर्षांपर्यंत नेली. सक्ती वाढली, आठवड्याचे पैसे परत आले नाहीत, कॉलेजच्या मर्जीवरचा छोटा निधी तेवढा ठेवला. शेजारच्या वेल्सने योजना बंद केली नव्हती, तिथे २०२३ मध्ये आठवड्याचे ३० पौंड वाढवून ४० केले.