ठाणे, ठाणा आणि पाच संदर्भ

"सर, 'ठाणे खाडी' आणि 'पारा' टाकलं, तर जुनं काहीच सापडत नाही," ती म्हणाली. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, आणि विषय ऐरोली पुलावरून रोज दिसणाऱ्या खाडीचा. मी तिला 'Thane'ऐवजी जुन्या स्पेलिंगप्रमाणे 'Thana' टाकायला सांगितलं. १९८१ साली 'मरीन पोल्युशन बुलेटिन'मध्ये आलेला लेख लगेच समोर आला: 'मर्क्युरी इन ठाणा क्रीक, बॉम्बे हार्बर'.

एका अक्षरामुळे चाळीस वर्षांपूर्वीचं संशोधन दडून राहतं, याचं मला अजूनही वाईट वाटतं. शब्दांवर चालणारा शोध अक्षरं जुळवतो, अर्थ नाही. कार्डांच्या कॅटलॉगमध्ये आम्ही ग्रंथपाल यासाठी 'पाहा' नोंदी करायचो: 'ठाणा – पाहा ठाणे'. अशी नोंद कुणीतरी आधी विचार करून लिहिलेली असावी लागे.

आता बऱ्याच ग्रंथालयीन डेटाबेसमध्ये एआय सहायक आला आहे. प्रश्न सरळ वाक्यात विचारायचा. 'प्रायमो रिसर्च असिस्टंट'चं उदाहरण घेऊ. आधी भाषेचं मॉडेल त्या प्रश्नाचे वेगवेगळे शब्दप्रयोग तयार करतं आणि ते 'किंवा'ने जोडून निर्देशिकेत, म्हणजे लेखांच्या नोंदींच्या सूचीत, शोधतं. वर आलेल्या तीसेक लेखांना पुन्हा अर्थाच्या जवळिकीने क्रम लावला जातो, आणि त्यातले पाच निवडले जातात.

अर्थाची जवळीक यंत्र मोजतं तरी कसं? प्रत्येक मजकुराचं रूपांतर शेकडो आकड्यांच्या रांगेत करतात. सारख्या संदर्भात वापरले जाणारे शब्द असतील, तर त्यांच्या रांगाही एकमेकींजवळ पडतात. 'मॅन्ग्रोव्ह' आणि तिवराचं शास्त्रीय नाव 'अ‍ॅव्हिसेनिया' यांच्यात अक्षरांचं साम्य नाही. पण आपल्या तिवरांवर लिहिणारे हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी वापरतात, म्हणून यंत्रालाही ते शेजारी वाटतात. 'पाहा' नोंदीचं काम इथे न लिहिता होऊन जातं, आणि हे मला खरोखर मोठं वाटतं.

निवडलेला मजकूर पुढ्यात ठेवून मॉडेल उत्तर लिहितं, वाक्यापुढे संदर्भाचा क्रमांक टाकतं. या पद्धतीला २०२० साली संशोधकांनी 'रिट्रीव्हल ऑगमेंटेड जनरेशन' असं नाव दिलं. नुसत्या चॅटबॉटसारखे मनाने रचलेले लेख यात सहसा येत नाहीत, कारण यादी खऱ्या नोंदींतून येते.

पण संदर्भ खरा म्हणजे वाक्यही खरं, असं मुलं धरून चालतात आणि तिथेच फसतात. असे सहायक बहुधा पूर्ण लेख वाचत नाहीत, फक्त गोषवारा वाचतात. समजा, गोषवाऱ्यात असेल: 'पावसाळ्यानंतर घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांत पारा कमी आढळला.' तेच उत्तरात 'खाडीतला पारा कमी होत आहे' असं होऊ शकतं. ठाण्याच्या खाडीसाठी हा फरक फार मोठा आहे. पावसाळ्यात गोडं पाणी येऊन खारटपणा उतरतो, दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते. पाण्यातला पारा वेगळा, तळाच्या गाळातला वेगळा. महिना, जागा, पाणी की गाळ, या अटी वाक्य आटोपशीर करताना आधी गळतात. तरीही वाक्यापुढचा क्रमांक जागच्या जागी असतो आणि वाचणाऱ्याला भरवसा देत राहतो.

शिवाय पाच म्हणजे पाचच. काही प्रकाशकांनी आपलं साहित्य या यंत्रांना वापरू दिलेलं नाही. ज्या जुन्या लेखांना गोषवाराच नाही, ते मागे पडतात. खाडीकाठच्या कोळ्यांशी बोलून मराठीत लिहिलेले अहवाल मुळात निर्देशिकेतच नसतात. त्यामुळे 'यावर फारसं संशोधन नाही' असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ 'या पेटीत सापडलं नाही' एवढाच घ्यावा. तिलाही मी हेच सांगितलं, आणि मराठी साहित्यासाठी १८९३ सालापासून चालू असलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. डावीकडे सहायकाचं वाक्य, उजवीकडे मूळ लेखातलं वाक्य. मध्ये तिने स्वतःहून एक अरुंद रकाना आखला होता: नमुना कुठला, कुठल्या महिन्यातला. तिसऱ्या ओळीत तो रिकामा होता. "गोषवाऱ्यात महिना दिलाच नाहीये, सर. पूर्ण पेपर मिळेल का?"

मी विनंती अर्जाचा कागद तिच्यापुढे सरकवला.