टुणटुणीत उंदरांतला विषाणू

अंगावर चकाकी, खाणंपिणं उत्तम, पिंजऱ्यात सतत धावपळ. प्रयोगशाळेतल्या अशा उंदराला निरोगी म्हणायचा मोह होतो. १९३५ साली अमेरिकेत प्रिन्स्टनच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये एरिच ट्राउब यांनी अशाच पांढऱ्या उंदरांच्या मेंदूत निर्जंतुक द्राव टोचला, तर काही उंदीर आजारी पडले. द्रावात काहीच नव्हतं. विषाणू उंदरांच्या अंगातच होता! हाच तो लिम्फोसायटिक कोरिओमेनिन्जायटिसचा, म्हणजे मेंदूची आवरणं सुजवणाऱ्या रोगाचा विषाणू, थोडक्यात एलसीएमव्ही.

त्याची पसरण्याची तऱ्हा विलक्षण आहे. मोठ्या उंदराच्या मेंदूत तो टोचला तर उंदीर साधारण आठवडाभरात मरतो, पण त्याला मारतो तो विषाणू नव्हे. विषाणूवर तुटून पडलेल्या उंदराच्याच टी-पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या लढाऊ पेशी, मेंदूची आवरणं सुजवतात. पिल्लाला आईच्या पोटातच लागण झाली तर मात्र सगळं उलटं होतं. त्याची प्रतिकारयंत्रणा अजून घडत असते, त्यामुळे ती विषाणूला आपलाच समजते आणि टी-पेशी गप्प राहतात. विषाणू आयुष्यभर वाढत राहतो, लघवीतून आणि लाळेतून बाहेर पडत राहतो. अशी मादी पुढे व्याली की तिची पिल्लंही बाधितच जन्मतात. ट्राउब यांनी त्या उंदरांवर काही वर्षं लक्ष ठेवलं. जसजशी जास्त पिल्लं गर्भातच बाधित होऊ लागली, तसतसे आजारी उंदीर दिसेनासे झाले. मला यातलं सर्वात भीतिदायक वाटतं ते हेच: रोगाची लक्षणं ओसरत होती, कारण लागण सर्वत्र पोचली होती.

अशी छुपी लागण पकडायला आज मोठ्या प्रयोगशाळांत इतर पिंजऱ्यांतला वापरलेला भुसा एका स्वच्छ उंदराच्या पिंजऱ्यात टाकतात आणि काही आठवड्यांनी त्याचं रक्त तपासतात. उपाय चांगला, पण पुरा नाही. उंदरांमध्ये श्वासातून पसरणारा सेंडाई नावाचा दुसरा विषाणू भुशातून सहसा जातच नाही. शिवाय एलसीएमव्ही प्रयोगासाठी आणलेल्या कर्करोगाच्या गाठींतून आणि पेशींतूनही आत शिरतो, म्हणून त्याही आधी तपासाव्या लागतात. माणसालाही तो होतो, ताप आणि कधीकधी मेंदूज्वर आणतो. गर्भवतीच्या बाळाला तर फार जपावं लागतं.

काही विषाणूंपासून सुटका करायला पिल्लं सिझेरियनने काढून निरोगी मादीच्या दुधावर वाढवली तरी भागतं. इथे ते चालत नाही, कारण लागण गर्भातच झालेली असते. त्याआधीच, अगदी कोवळ्या अवस्थेतले भ्रूण काढून, वारंवार धुऊन, निरोगी मादीच्या गर्भाशयात सोडावे लागतात.